नळीवरचं नाव

"हिची थुंकी आपल्या नळीत गेली असणार."

तात्या हे मला बोलले नाहीत. माझ्यादेखत, मुलीला बोलले. मी पडवीच्या पायरीवर उभी. हातात त्यांच्याच रक्ताची नळी.

पोलादपूरजवळचं आमचं गाव. तात्यांचं घर खोतांचं, आमची वाडी ओढ्याच्या खालच्या अंगाला. मी महाडला लॅबमध्ये कामाला. महिन्यातून एकदा त्यांची शुगर तपासायला घरी जाऊन रक्त काढायचे. लॅबमध्ये रांगेत बसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

त्यांची मुलगी मृणाल शाळेत माझ्याच वर्गात. खोटं कशाला बोलू, जळायचे मी तिच्यावर. तिच्या बुटांवरून नाही, ओटीवर टांगलेल्या त्या फ्रेमवरून. चौदा पिढ्यांची वंशावळ. माझ्या आईला तिच्या आजेसासऱ्याचं नाव विचारलं तर म्हणाली, "म्हातारा म्हनायचे गो त्याला. नाव काय ठावं नाय."

दिवाळीत मृणालने वंश सांगणाऱ्या तपासणीची दोन किट आणली. एकावर एक फुकट. नळीत थुंकायचं, पाठवायचं. कंपनीकडे ठिकठिकाणच्या लोकांचे नमुने असतात. त्यांच्याशी आपला डीएनए ताडून ती अंदाज सांगते, आपले पूर्वज कुठल्या लोकांतले. एक किट तात्यांना, उरलेलं मला. मी हावरटासारखी थुंकले. मलाही एक फ्रेम हवी होती.

रिपोर्ट आले. पूर्वजांचे वाटे दाखवणारे दोघांचे रंगीत गोल जवळजवळ सारखेच. त्यात नवल नव्हतं. आमच्या खोऱ्यातलं कुणी त्या नमुन्यांत नसणार, म्हणून दोघांनाही एकाच मोठ्या गटात टाकलेलं. कळत होतं, तरी मी हरखले. खोतासारखी निघाले म्हणून हरखले! त्या आनंदाची मला आजही शिसारी येते.

आणि तात्या म्हणाले, थुंकी.

मी आधी नळीवर नाव लिहिते, मगच नमुना घेते. आजवर माझ्या हातून एक नळी बदललेली नाही. त्या दिवशीही नावं लिहूनच नळ्या हातात दिल्या होत्या. मृणालने ते पाहिलं होतं. आता ती फोनमध्ये डोकं खुपसून बसली.

"पुन्हा करू तपासणी," तात्या म्हणाले. "तू पण दे परत. या वेळी आमच्या नळीला हात लावू नको गो."

माझी नजर कठड्यावरच्या कपावर गेली. कान तुटलेला, माझ्यासाठी वेगळा ठेवलेला. कधीतरी आत बोलावतील म्हणून इतकी वर्षं मी त्यातून मुकाट चहा प्याले. रक्त काढायला माझी बोटं चालत होती. माझी थुंकी मात्र त्यांचं कुळ बाटवणार होती.

"नाय थुंकनार," मी म्हणाले. "आनि रक्त काढायला पन येनार नाय. लॅब सातला उघडते. नंबर लावायचा."

पुढच्या महिन्यात मृणालचा फोन आला. "तात्यांना तू बाकड्यावर बसवणार?"

"सगळेच बसतात."

त्या फ्रेमचा हेवा मला अजून वाटतो. लपवत नाही. पण त्या पायरीवर आता पाय ठेवणार नाही. तपासायचं असेल तर तात्यांनी आमच्या वाडीतल्या माणसांशेजारी बसावं. नंबर आला की माझ्यासमोर येऊन आपलं नाव सांगावं. मी ते नळीवर लिहीन. मग बाही वर करावी.