अवसेचं पाणी

नाना चराच्या पाण्यात बोट बुडवून ते जिभेला लावायचे. त्यांच्याकडे राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी हे पाहिलं आणि मला किळस आली. रुळांच्या कडेचा तो चर, अख्ख्या आळीचं पाणी त्यात जाणारं. नानांनी बोट चाखलं, बाजूला थुंकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खारं आलं. फळी टाकायला पायजे."

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती. भाईंदर पश्चिमेला, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवर, रुळांना लागून ती आळी होती. रुळांच्या पलीकडे मिठागरं आणि खाडी. रुळांखालून एक जुनी दगडी मोरी गेलेली होती. भरतीला खाडीचं पाणी त्या मोरीतून अलीकडे यायचं. ते आळीत शिरू नये म्हणून चराच्या तोंडाशी एक जाड लाकडी फळी टाकायची आणि ओहोटी लागली की ती उचलून पावसाचं साचलेलं पाणी खाडीकडे सोडायचं. या फळीला तिथले लोक उघाडी म्हणत, आणि ती सांभाळणाऱ्या माणसाला उघाडीनाना. हे काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं. वडील करायचे म्हणून ते करत होते. मिठागरातलं काम सुटलं, शेतावर इमारती उभ्या राहिल्या, तरी उघाडी सुटली नाही.

मी नगर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून आलेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. विरारच्या बाजूला वस्ती वाढत होती म्हणून जुन्या दोन रुळांशेजारी नवे दोन रूळ टाकायचं काम निघालं होतं. त्या कामाच्या ठेकेदाराच्या ऑफिसात मी कारकून होतो, तोही हंगामी. खोली विचारायला गेलो तेव्हा नानांनी गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पोहता येतंय का?"

"नाही."

"मंग खाट उंच घे."

नानांच्या मागच्या अंगणातली ती खोली मला मिळाली. दोन वेळचं जेवण नानींच्या हातचं. पहिल्या आठवड्यात मला ताप आला तेव्हा नानी रात्रंदिवस उशाशी होत्या. माझ्या आईला मी हे पत्रात कळवलं तर तिने उलट टपाली लिहवून पाठवलं, 'त्यांना अंतर देऊ नकोस.'

नानांची काळजी बारमाही होती. भर उन्हाळ्यातही घरातलं धान्य माळ्यावर असायचं. भेटलेल्या माणसाला "जेवलास का" असं न विचारता ते विचारत, "पानी कुठवर आलंय?" आळीतली मुलं त्यांना चिडवायला मे महिन्यात "नाना, गुडघाभर!" असं ओरडत पळायची. नानांना राग यायचा नाही. ते खरंच उठून बघायला जायचे. तरुणपणी एकदा ते तापाने फणफणले होते आणि पावसात उघाडी उचलायला कोणी गेलं नव्हतं. शेजारच्या विधवा बाईचं वर्षाचं भात भिजून गेलं. "आपलं भात तिला दिलं," नाना सांगत, "पन तिचं तोंड अजून दिसतं. पानी इसरत न्हाय, आन मी पन न्हाय."

त्यामुळे नव्या रुळांचा भराव आमच्या बाजूने टाकला जाणार हे कळल्यापासून नानांची झोप उडाली. मोरी पुढे वाढवली नाही तर भराव तिचं तोंड बुजवणार. मग पावसाचं पाणी जाणार कुठे? रोज सकाळी ते आमच्या ऑफिसच्या दारात उभे असायचे. मुकादम मला हाक मारायचा, "ग्रॅज्युएटसाहब, आपका बुड्ढा आ गया. आज भी पानी का भाषण देगा."

बाहेरचं बोलणंही सोपं नव्हतं. आळीसमोरच्या नव्या सोसायटीत गिरगाव-दादरहून आलेली नोकरदार कुटुंबं होती. त्यांना गाड्या वाढायला हव्या होत्या, आणि त्यांचं तरी काय चुकलं? चहाच्या टपरीवर त्यांच्यातले एक गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "नाना, तुम्ही काय घरीच बसून असता. रोज गाडीला लटकून जातो त्या आम्हाला विचारा. तुमच्या एका गटारासाठी लाइन अडवताय?"

नाना म्हणाले, "लाइन पायजेच ओ. माझा भाचा पन जातोय ना कामाला. मी फक्त म्हनतो, मानसांना वाट देताना पान्याची वाट इचारा."

"पाण्याला काय विचारायचं?"

"तुम्ही तळमजल्याला ऱ्हाता ना? मंग तेच येऊन सांगेल."

सगळे हसले. गृहस्थ हसले नाहीत.

मी नानांच्या वतीने अर्ज लिहिले. चार लिहिले. चौथ्यावर रेल्वेच्या साहेबांचा निरोप आला की मोरी प्रत्यक्ष पाहून निर्णय देऊ, तोवर तेवढा तुकडा भरू नये. कोणत्याही दिवशी दुपारी बाराला येता येईल, दिवस तुम्ही कळवा. मी धावत नानांकडे गेलो. ते जाळं विणावं तशी फळीला सुतळी गुंडाळत होते. म्हणाले, "बाराला येतो? मंग अवसेला बोलव. अवसेलाच."

अवस मी कानाने ऐकली, पण मनाने ऐकली नाही. आमच्याकडे अवसेला बैल जुंपत नाहीत, नवं काम काढत नाहीत, परगावी निघत नाहीत. माझ्या वडिलांनी माझ्या कॉलेजचा अर्जसुद्धा अवस टाळून भरायला लावला होता. मला वाटलं, म्हातारा काळजीने थकलाय, जी तिथी तोंडाला आली ती बोलला. एवढं मोठं काम, ते अवसेला कसं काढायचं? मी ऑफिसातली दिनदर्शिका काढली, अवसेच्या सहा दिवस आधीची नवमी निवडली. गुरुवार होता. मला तो दिवस फार चांगला वाटला. नाना त्या दिवशी जवळच्या मोरवा गावी भावाच्या मुलीच्या हळदीला जाणार होते, हेही मला बरंच वाटलं. परत येतील तेव्हा गोड बातमी देऊ.

साहेब वेळेवर आले. मे महिन्याचं ऊन. चर कोरडा ठणठणीत, आणि मोरीच्या तोंडात सावलीला कोणाची तरी शेळी बांधलेली. साहेब वाकले, शेळीने त्यांच्याकडे बघून तोंड हलवलं.

"ही मोरी आहे की गोठा?"

"साहेब, भरतीला यातून पाणी येतं."

"मग आत्ता कुठे आहे?"

पाच मिनिटांत साहेब गेले. संध्याकाळी शेरा आला, 'वापरात नाही. बंद करण्यास हरकत नाही.' आमच्या ऑफिसच्या आवक रजिस्टरला तो शेरा मीच माझ्या हाताने चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी थांबलेल्या तुकड्याचं काम सुरू झालं. मोरीच्या तोंडासमोर भराव धरून ठेवणाऱ्या भिंतीचा काँक्रीटचा पाया पडला आणि मागे मुरुमाच्या गाड्या रिकाम्या होऊ लागल्या.

नाना तिसऱ्या दिवशी आले. अंगाला अजून हळदीचा वास होता. त्यांनी पाया बघितला आणि विचारलं, "सायबाला कवा आनलास?"

"नवमीला."

ते खाली बसले. जमिनीवरच बसले.

"बाला, नवमीला भांग असतो, भरतीला जोर नसतो. पानी झोपलेलं असतं. त्यातून दुपारी बाराला तं ओहोटी, पार पाठ फिरवून. झोपलेला मानूस दाखवून तू सायबाला सांगितलंस, हा धावतो. त्याला कसं खरं वाटेल?" मग म्हणाले, "मी अवस सांगितली होती ना?"

मी कारण सांगितलं. अवस अशुभ म्हणून. मला वाटलं आता ते ओरडतील. नाना माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांना हसू आलं, पण ते हसू पुरं झालं नाही. "तुमच्या घाटावर असंल. आमचं मीठच अवस-पुनवेच्या पान्यावर पिकतं रे. सनाला तूप लागतं तशी आमाला अवस लागते."

त्या रात्री मी जेवलो नाही. अवस तीन दिवसांवर होती. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर. भराव रोज किती फूट पुढे सरकला हे मला रजिस्टरला लिहावं लागायचं. साहेबांकडे पुन्हा जायचं म्हणजे ठेकेदाराच्या कामात त्याच्याच कारकुनाने खोडा घालायचा. मुकादमाने सांगितलंही, "देखो, तुम टेम्पररी हो. बुड्ढा तुमको परमनंट नहीं करेगा." नोकरी गेली असती तर गावी काय तोंड दाखवणार होतो? वडिलांनी सगळ्या गावाला सांगितलं होतं की मुलगा रेल्वेच्या कामावर आहे.

तरी गेलो. पाचवा अर्ज लिहिला, त्यात सरळ लिहिलं की तपासणीचा दिवस मी चुकीचा निवडला, चूक अर्जदाराची नसून माझी आहे. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"तुम्ही नोकर कोणाचे? ठेकेदाराचे की त्या म्हाताऱ्याचे?"

"साहेब, पगार ठेकेदाराचा खातो. जेवण नानांचं."

ते हसले नाहीत. पण म्हणाले, "पंधरा मिनिटं देतो. अवसेला, बाराला."

अवसेच्या दिवशी अकरापासून नाना भरावाच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते. मी शेजारी उभा. साडेअकरा झाले, काही नाही. साहेबांची जीप आली, काही नाही. मुकादम तंबाखू मळत हसत होता. नाना एकदाच म्हणाले, "थांब. ते येतंय."

आधी मुरुमाचा रंग बदलला. कोरड्या पिवळ्यावर एक ओली तपकिरी रेघ उमटली आणि रुंद होत गेली. मग आतून गुळगुळ आवाज आला आणि पायाच्या मागचा भराव, दोन माणसं उभी राहतील एवढा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आत बसला. खड्ड्यातून गढूळ पाणी वर आलं. मुकादमाची तंबाखू हातातच राहिली. साहेब दोन पावलं मागे सरकले.

"पाऊस नसताना हे?"

"पाऊस पडल्यावर याच्या चौपट," नाना म्हणाले. "तवा तुमची लाइन पन बसेल, आमची आळी पन."

साहेबांनी तिथेच नकाशा उघडला. मोरीला वाट द्यायलाच हवी, हे त्यांनी मान्य केलं. पण तोंडासमोर आता पाया होता. तो फोडायचा तर पावसाळ्याआधी काही होणार नव्हतं. एकच उपाय होता, भरावाच्या आतून मोठे सिमेंटचे पाइप वळवून भिंत संपते तिथे बाहेर काढायचे. भिंत संपत होती ती बरोबर नानांच्या मागच्या अंगणाशी. पाइप आणि पुढचा चर यांत माझी खोली जाणार होती, नानींचं स्वयंपाकघर जाणार होतं आणि उरलेल्या घरात राहता आलं नसतं.

साहेब नकाशाची घडी घालत स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले, "सहा दिवस आधी हे दिसलं असतं तर मोरी आहे तिथूनच सरळ पुढे नेली असती."

हे नानांनी ऐकलं. मीही ऐकलं. नानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही. ते साहेबांना म्हणाले, "बायकोला इचारतो. उद्या सांगतो."

नानी खूप रडल्या. रडता रडता म्हणाल्या, "जन्मभर मोरी मोरी केलंस. घे, आता चुलीत आली मोरी." नाना कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मग नानींनीच डोळे पुसले. "त्या भातवाल्या बाईचं तोंड दिसतं म्हनतोस ना? आता आळीत तीस घरं हायत. एवढी तोंडं मला न्हाय बघवायची. जा, सांग सायबाला."

आठ दिवसांत घर उतरवलं. नाना आणि नानी मोरव्याला भावाकडे गेले. सामान टेम्पोत चढवताना नाना दर दोन मिनिटांनी पाइपांचं काम बघून येत होते आणि कामगारांना सांगत होते, "तोंड खाली धरा रे, खाली." जाताना फळी त्यांनी शेजारच्या तरुण मुलाकडे दिली आणि तिथ्या कशा मोजायच्या हे त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. माझी नोकरी टिकली. साहेबांनी ठेकेदाराला माझ्याबद्दल काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. पावसाळ्यात आळीत पाणी घोट्यापर्यंत चढलं आणि ओहोटीबरोबर उतरलं. समोरच्या सोसायटीच्या तळमजल्यातही ते शिरलं नाही. टपरीवर त्याबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि बोलण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

नव्या रुळांवरून गाडी धावायच्या आधी नाना गेले. मी तेव्हा पुढच्या टप्प्याच्या कामावर होतो, निरोप उशिरा पोहोचला.

त्याआधी मी त्यांना एकदाच भेटलो, त्याच पावसाळ्याच्या शेवटी. मोरव्याच्या घरात त्यांना ओटीवरची एक अरुंद जागा मिळाली होती. नानी दुसऱ्याच्या चुलीवर, दुसऱ्याच्या भांड्यांत स्वयंपाक करत होत्या. ते पाहून माझा बांध फुटला. इतके महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते मी बोललो. म्हणालो, "नाना, मी अवसेला आणलं असतं तर तुमचं घर राहिलं असतं."

नानांनी नाही म्हटलं नाही. माझी समजूत घालायला खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"ऱ्हायलं असतं," ते म्हणाले. "आन तू दुसऱ्यांदा गेला नसतास तं आळी बुडाली असती. दोन्ही तूच केलंस. मी दोन्ही धरून ठेवलंय, एक धरून दुसरं सोडलं न्हाय." मग त्यांनी आत हाक मारली, "अगो, बाला आलाय. वाढ त्याला."

नानींनी ताट आणलं. भात होता, सुक्या बोंबलाचं कालवण होतं. माझा हात पुढे जाईना. नाना माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि मी पहिला घास घेईपर्यंत उठले नाहीत.