पातळ पदार्थांचं पथ्य

संगमनेरला आमच्या शेजारी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवणारे एक गृहस्थ राहतात. वजन उतरवायला त्यांनी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा डॉक्टरांनी सुरुवातीला फक्त पातळ घ्यायला सांगितलं. हे पथ्य त्यांनी पुढे कायम निष्ठेनं पाळलं. उसाचा रस, बासुंदी, वितळू दिलेली कुल्फी. जिलेबीसुद्धा दुधात घालून मिक्सरमधून काढायचे. उतरलेलं वजन सगळं परत आलं, तेव्हा डॉक्टरांवरच चिडले. मी मास्तर, म्हणून निवाडा मागायला माझ्याकडे आले. "सर, बासुंदी काय घट्ट असती व्हय?"

मग पुण्यात दुसरं ऑपरेशन झालं. ते मात्र लागू पडलं. शुगरची गोळी सुटली, जिना चढताना शिट्टी वाजवू लागले. पण चार घासांत पोट गच्च होतं, आणि चमचाभर गोड खाल्लं तरी दरदरून घाम फुटतो.

तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत ते माझ्यासमोर बसतात. वाढप्याला हाका मारून माझ्या ताटात जिलेबी घालायला लावतात. मी चावतो तसा त्यांचा जबडा हलतो. मी घाई केली की म्हणतात, "सर, दमानं. पाक लागू द्या की जिभेला." जेवतो मी, ढेकर ते देतात.

परवा माझ्या डॉक्टरांनी मलाच वजनावरून झापलं. मी हे दुकानात जाऊन शेजाऱ्यांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेत ते हळूच म्हणाले, "तुमी आपरेशन करायचं न्हाई हां, सर. मग आमी जेवायचं कसं?"