उष्टा माल

मामाच्या सॅक्सोफोनचा माउथपीस देवगाव फाट्यावर बैलगाडीतून पडला आणि चाकाखाली गेला. माउथपीस म्हणजे तोंडात धरायचं काळं टोक. ते नसलं की एवढं थोरलं पितळी वाद्य नुसती वाकडी चिलीम.

बँडच्या मास्तरनं सगळ्यांदेखत सांगितलं, "झरी गावच्या लग्नात वाजला तर वाजला. न्हाईतर बाजा दुसऱ्याच्या गळ्यात, अन् तू मालकाच्या गोठ्यात."

आमच्या गावच्या मालकाच्या गोठ्यात मामाचा बाप सालगडी म्हणून मेला होता. मामा बँडमध्ये गेला तो त्या शेणातून सुटायला. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीला दुसरी वाट नव्हती. मी तेव्हा पत्रकं वाटत होतो. संस्थान गेलं, आता माणूस माणसासारखा, असं त्यांत छापलेलं असे. माझा त्या प्रत्येक अक्षरावर विश्वास होता.

मी आणि मामा परभणीच्या बाजारात गेलो. तिथं भंगार घेणाऱ्या एका मोडवाल्यानं संस्थानच्या मोडलेल्या पलटणींचं बँडचं सामान ढिगानं उचललं होतं. परातीत माउथपीस मांडलेले, नव्याच्या निम्म्या भावात. पण माउथपीस डोळ्यांना कळत नाही. सूर काढणारी वेताची पत्ती बसते ती बाजू केसभर वाकडी असली तरी सूर घसरतो. फुंकूनच पाहावं लागतं. आमच्यापुढच्या गिऱ्हाइकानं एकामागून एक फुंकून पाहिले. मोडवाला ते धोतराला पुसून परत परातीत ठेवत होता.

मामानं एक उचलून ओठांकडे नेला, तसा तो खेकसला, "ए! हात लाव, तोंड न्हाई. तुमचं तोंड लागलं की माल उष्टा. मग कोन घेईल?"

मी म्हणालो, "शेटजी, शिपायांनी हे चघळून सोडलेत की. दातांचे वण दिसायलेत."

"शिपायाचं तोंड येगळं."

पुढचं गिऱ्हाईक हसलं. मामानं माझं मनगट दाबलं. "भाच्या, गप. तुझ्या भाषनानं सूर निघायचा न्हाई."

मग मामानं उन्हात धरून, नखानं चाचपून, सगळ्यांत चकाकणारा निवडला. घरी वाजवून पाहिला, तेव्हा तो बरा बोलला. चकाकी कशाची होती ते झरीला कळलं.

वैशाखातलं लग्न. नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, मारुतीच्या पारापासून निघाला तेव्हा ऊन टाळूत उतरत होतं. मामा अर्धी गल्ली छान वाजला. मग त्याच्या हनुवटीवरून काळा ओघळ आला. माउथपीसला उभी चीर होती. मोडवाल्यानं ती लाखेनं बुजवून वर बुटाचं पॉलिश घासलं होतं. उन्हानं आणि वाफेनं लाख सुटली, आणि वाद्यातून जे निघालं त्याला सूर म्हणता येणार नाही. नवरदेवाचं घोडं बिचकलं.

"गाढव व्यायला लागलं!" कोणीतरी ओरडलं आणि सगळी गल्ली हसली. मामानं वाद्य खाली घेतलं.

नवरीचा बाप पुढं आला. मोठा जमीनदार, फेट्याचा शेमला छातीवर. त्यालाही हसू आवरत नव्हतं. "थांबलास कामून? वाजीव. पाव्हने खूश झालेत. मांडवापस्तोर असंच वाजीव."

मामानं मास्तरकडं पाहिलं. मास्तरनं मान फिरवून कॉर्नेट तोंडाला लावला. मामा मांडवापर्यंत तसाच ओरडत गेला. चिरेत ओठ चिमटला जायचा आणि पितळेवर रक्त उतरायचं. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. आमचा ढोलवालाही हसला, माझा चुलत भाऊ. मला त्याचंच जास्त लागलं.

मास्तरनं वाद्य तिथंच मामाच्या गळ्यातून काढून घेतलं. माउथपीस घेऊन आम्ही दोघं मोडवाल्याकडं गेलो.

"फुटका दिलात, शेटजी," मामा म्हणाला. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट येत नव्हते.

"फुंकलास ना? मग तुझाच झाला."

"आधीपसून चीर हाय त्याला."

"व्हती तर घेतलास कामून?" मोडवाल्यानं आजूबाजूच्या दुकानदारांकडं पाहिलं. "फुंकून बघायचास की, येड्या!"

सगळे पोट धरून हसले. मी बोलू लागलो. कायदा, हक्क, समता, जे जे छापलेलं वाचलं होतं ते सगळं बोललो. दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. एकानं तर "आनखी होऊ द्या, पुढारी," म्हणून मला बसायला पोतं टाकलं. मामा तोवर रस्त्याला लागला होता.

मालकानं मामाला गोठ्यात कामाला घेतलं. झरीची गोष्ट त्याच्या कानावर आधीच गेली होती. ओसरीवर पाहुणे आले की तो गोठ्याकडं हाक मारायचा, "ए बाजेवाल्या, झरीचं वाजीव रे!"

मामा शेणाची पाटी खाली न ठेवता तोंडानं तसा ओरडायचा. कुंपणापलीकडून मी कितीदा ऐकलं. सूर अगदी जागच्या जागी असायचा.