शनिवारची सही

प्रशिक्षण म्हटलं की माझं डोकं फिरतं. वीस वर्षं मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते आहे, आणि प्रमाणपत्रांची थप्पी एवढी झाली आहे की नवरा विचारतो, रद्दीवाल्याला कधी बोलावू? शिकले काय त्यातून? डोंबल! पण मागच्या हिवाळ्यातलं पाच दिवसांचं प्रशिक्षण काही केल्या डोक्यातून जात नाही, कारण त्यात माझ्या अकरावीच्या मुलांचं नुकसान झालं.

आमचं इंदूर उभं आहे ते लाव्ह्याच्या थरांवर. पुस्तकात त्याचं चित्र आहे, करड्या रंगाच्या चार रेघा. मुलं ते पाठ करतात, पेपरात काढतात आणि विसरतात. पण सिमरोलच्या पुढे घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे हे थर उघडे पडलेत. खाली काळा दगड, मध्ये विटेसारखा लाल मातीचा पट्टा, वर पुन्हा काळा दगड. त्या पट्ट्याला हात लावला की बोटं लाल होतात. एक लाव्हा थंड झाला, वरून झिजला, त्याची माती झाली, मग कितीतरी काळाने दुसरा आला, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. वर्गात महिनाभर घसा फोडला तरी कळत नाही.

दोन वर्षं मी प्राचार्यांच्या मागे लागले होते. “मॅडमजी, घाट में बच्चे? कुछ हो गया तो?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी कंटाळून त्यांनी डिसेंबरातला एक शनिवार दिला. बस ठरली. एकतीस पालकांची संमतीपत्रं आली. आणि जायचं तर यंदाच, कारण बारावीत दगड संपतात आणि लोकसंख्या सुरू होते. मग त्या घाटात या मुलांना कोण नेणार?

बुधवारी संध्याकाळी मोबाइलवर आदेश आला. उद्यापासून पाच दिवस, मधला रविवार सोडून, प्रशिक्षणाला हजर राहावे. विषय: परिसरातून भूगोल! हसावं की रडावं तेच कळेना. प्राचार्य म्हणाले, “आपके बिना तो बस नहीं जाएगी, देख लीजिए।” आता मी काय देखणार, कपाळ माझं?

गुरुवारी गेले. शिकवायला आलेले गृहस्थ पडद्यावर परदेशातल्या मुलांचे फोटो दाखवत होते, नदीकाठी वह्या घेऊन बसलेल्या. या गृहस्थांनी शेवटचा वर्ग कधी घेतला होता देव जाणे, पण उंटावरून शेळ्या हाकणं झकास चाललं होतं. मधेच हजेरीचं रजिस्टर फिरलं. प्रत्येकाच्या नावापुढे पाच दिवसांचे पाच रकाने. माझ्या शेजारी अन्नपूर्णा भागातल्या एका शाळेतले सर बसले होते. त्यांनी एका दमात पाचही रकान्यांत सह्या ठोकल्या आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

“पाँचों पे कर दो मॅडमजी, झंझट खतम.”

“शनिवारची सही मी गुरुवारी कशी करू?” मी फणकारले.

ते हसले. “आप भी ना!”

मी एकच सही केली. वरच्या नावांपुढे पाहिलं तर सगळ्यांच्याच सह्या पाच-पाच. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी टेबलाशी जाऊन त्या दिवसाची सही केली आणि प्रशिक्षणाच्या प्रभारी साहेबांकडे शनिवारची सुट्टी मागितली. सहलीचं सगळं सांगितलं. म्हटलं, साहेब, तुमचा विषयच मी प्रत्यक्ष करते आहे. ते म्हणाले, “ऊपर से चेकिंग आ सकती है मॅडम. आप उसका एक अच्छा सा चार्ट बना दीजिए ना!” संध्याकाळी मी मुलांना कळवलं, सहल रद्द.

शनिवारी हॉलमध्ये आम्ही जेमतेम बाराजण. शेजारचे सर घरी, कारण त्यांची सही आधीच हजर होती! रजिस्टर कपाटात, कपाटाची चावी तिथल्या कारकुनाकडे, म्हणजे बाबूजींकडे, आणि बाबूजी रजेवर. मी निमूट बसून चार्ट काढला, ‘क्षेत्रभेटीचे नियोजन’. स्केचपेनने थर रंगवले, मधला पट्टा लाल. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. तो कागद टराटरा फाडावासा वाटत होता. चेकिंगला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

सोमवारी मी शनिवारची सही करायला गेले. प्रभारी साहेब गंभीर झाले. “बॅक डेट में साइन नहीं होती मॅडम. नियम है।”

घ्या! पुढच्या तारखांच्या सह्या चालतात, मागच्या एका दिवसाची चालत नाही. मी भांडले, आवाज चढवला, शेजारच्या सरांनीच मला बाजूला नेऊन चहा पाजला. मंगळवारी सगळं संपलं आणि मी ते सोडून दिलं.

जानेवारीत ऐन तासाला शिपाई पत्र घेऊन आला. शनिवारी प्रशिक्षणाला विनापरवानगी अनुपस्थित राहिल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा द्यावा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला इतका संताप आला की मी ते पत्र अकरावीसमोरच मोठ्याने वाचलं. सगळ्या सह्यांची कथाही सांगितली, कोणी किती केल्या, कोण घरी बसलं. मुलं खो खो हसली. मीही हसले, कडवट.

जुनी इंदूर मोहल्ल्यातून येणारी एक मुलगी हसली नाही. वर्गात माझ्याशी मराठीत बोलते ती एकटीच. घाटातल्या सहलीसाठी वडिलांचं पत्र तिने सगळ्यांत आधी आणून दिलं होतं. ती उभी राहिली.

“मॅडम, ॲबसेंट तर तुमची लागूनच गेली ना,” ती म्हणाली. “मग आम्हाला घेऊन का नाही गेल्या?”

आदेश, प्राचार्य, चेकिंग, सगळी उत्तरं माझ्या तोंडाशी आली. पण मला कोणी दोरीने बांधून ठेवलं नव्हतं.

“घाबरले गं मी,” मी म्हणाले.