कोमट किटली

बायकोला सांगितलं नाही. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून विचारलं, तेव्हाही सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय.

मी आमच्या गावच्या डेअरीवर दूध घेतो. पुणतांब्याच्या अलीकडचं, गोदावरीकाठचं गाव. मशीन फॅट सांगतं, पाणी सांगतं; पण दूध आंबायला लागलंय का, हे आमच्याकडं नाकानंच ठरतं. किटलीचं झाकण काढायचं, त्याच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा, मगच दूध ओतायचं. या नाकाचा मला भारी तोरा होता. रात्रीचं दूध कुणी सकाळच्यात मिसळून आणलं, तर झाकण उघडताक्षणी मी किटली बाजूला सारायचो. लोक चेष्टेनं म्हणायचे, याच्या नाकाचा विमा काढा. मलाही ते आवडायचं — का खोटं बोलू?

मग कोरोना झाला. ताप उतरला, आणि एका सकाळी शेगडीवर फोडणी जळून कोळसा झाली तरी शेजारी बसलेल्या मला पत्ता नाही. बायको बाहेरून ओरडत आली. मी साबण हुंगला, कांदा फोडून हुंगला, लसूण चिरडून नाकाला लावला — काही नाही. नाक गेलं तर डेअरीवर माझं काय काम? मी कुणाला काही बोललो नाही. रोज झाकणावर वाकायचो, नाक फेंदारायचो, मान हलवायचो. सगळ्यांचंच दूध चांगलं.

किती दिवस चालणार होतं ते? एकदा कुणाचं तरी आंबलेलं दूध माझ्या नाकाखालून गेलं आणि डेअरीच्या कूलरमधलं, सगळ्या गावाचं एकत्र साठवलेलं दूध नासलं. चेअरमन ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "उद्या मी सोता थांबतो हितं. बघू तरी, तुझं ध्यान कुठं आसतं."

दुसऱ्या दिवशी ते खुर्ची टाकून शेजारी बसले. डोक्यात एकच — आज कुणाचं तरी दूध परत केलं पाहिजे, तरच यांना पटेल. पण कुणाचं? इथं माझी जीभ अडते. एकेक किटली पुढं येत होती आणि मी दूध बघतच नव्हतो, माणूस बघत होतो. हा भांडेल. याचे भाऊ येतील. हा चेअरमनचाच पाहुणा. अशी सगळी रांग सरली, आणि शेवटी मार्थाबाई आली.

मार्थाबाई चर्चमागच्या वस्तीवरची. नवरा ट्रकवर, महिनोन् महिने बाहेर. एकच गाय. कुणी सांगितलेलं नसताना ती कायम रांगेत शेवटी उभी राहायची. मी तिला निवडलं. तिच्या बाजूनं त्या रांगेतलं कुणीही तोंड उघडणार नाही, हे मला माहीत होतं म्हणून निवडलं.

माझा एक हात तिच्या किटलीच्या बुडाला होता. किटली कोमट होती. आत्ता काढलेल्या धारेची ऊब — असलं दूध आंबलेलं असतं का कधी? नाक मेलेलं होतं, हात तर जिवंत होता ना? तरी मी म्हणालो, "वास मारतंय. परत ने."

"दादा, आत्ताच धार काढलीया. हात लावून बघा की, किटली कोमट हाय अजून."

हात लावलेलाच होता. मी तो काढून घेतला. आणि वर म्हणालो, "भांडं घासत जा नीट." हे ठरवलेलंही नव्हतं. रेंगाळलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. चेअरमन उठून आत गेले. गोष्ट गावभर झाली, आणि शाळेतल्या मास्तरांच्या घरी ती रोज दूध घालायची, तो रतीबही आठवड्याभरात तुटला.

पुढं कळलं, नगरला सावेडीतल्या एका दवाखान्यात कान-नाक-घशाचे डॉक्टर वास गेलेल्या लोकांवर संशोधन करतायत. लग्नाला जातो सांगून गेलो. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण सरळ बोलणाऱ्या. त्यांनी छोट्या बाटल्या दिल्या — गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची, आणि हुंगताना तो वास मनात आठवायचा. काहींना फरक पडतो, सगळ्यांना नाही, म्हणाल्या, अजून अभ्यास चालू आहे. काहींना वास परत येतो तोही उलटा, चांगल्या अन्नाला जळकी घाण येते. मग विचारलं, वास येत नसल्यामुळं काही अपघात? गॅस वगैरे? दुसऱ्या कुणाला काही त्रास?

"नाही," मी म्हणालो. काम काय करता? "शेती."

बाटल्या गोठ्यात लपवल्यात. लवंग नाकाशी धरतो, डोळे मिटतो, वास आठवायला जातो — आणि तळहाताला ती ऊब जाणवते. घाबरून बाटली बंद करतो. वास कधीच आला नाही तर? उलटा आला तर? आणि नीट आला तर — मार्थाबाईच्या झाकणाचा वास मला खरोखर घ्यावा लागेल, याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटते.

ती अजून येते. रांगेत शेवटीच. तेव्हापासून किटली राखेनं इतकी घासते की बोटांना भेगा पडल्यात. आता झाकण मला काढू देत नाही. स्वतः काढते, माझ्या नाकापुढं धरते, आणि मी बोलेपर्यंत श्वास रोखून माझ्या तोंडाकडं बघत राहते. ती घाबरलेली असते. मीही.

आज सकाळी असंच झालं. मी वाकलो. काहीही आलं नाही. "चांगलं हाय," मी म्हणालो.

तिनं श्वास सोडला. "देव तुमचं भलं करो, दादा."

दूध ओतायला मी किटली उचलली. कोमट होती.