विनी आउथवेटचं शेवटचं अंडं

वर्णन : विनिफ्रेड आउथवेट, विधवा, वय एकाहत्तर. धंदा : बदकाची अंडी व लोणी. स्थान : थॉर्नबेक गावच्या बाजारातील दगडी क्रूस, दुसरी पायरी. स्वरूप : रहदारीस तात्पुरता अडथळा.

हे वर्णन रस्ते खात्याचं. विनीला ते वाचून दाखवलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मी विधवा आहे, त्याचा लॉऱ्यांना काय त्रास?"

क्रूस पाच-सहाशे वर्षांचा. यादवी युद्धात सैनिकांनी त्याचं डोकं आणि हात उडवले. उरला खांब आणि झिजलेल्या पायऱ्या. विनीची आई, आजी, पणजी त्याच पायरीवर लोणी विकत बसल्या. आता लॉऱ्यांना वळायला जागा हवी, म्हणून क्रूस उपटून बागेत कारंज्याशेजारी न्यायचा ठरला होता.

"बागेत काय करेल तो?" विनी म्हणायची. "कबुतरांना लोणी विकेल?"

खात्याचे इंजिनिअर प्रिंगल शिस्तीचे. त्यांनी नोटीस लावली : काम मंगळवारी, बाजार उठल्यावर. तिथेच ते फसले. थॉर्नबेकचा बाजार घड्याळावर उठत नाही. क्रूसाच्या पायरीवर विकायचा माल असेतो बाजार उठल्याची घंटा द्यायची नाही, आणि घंटा झाल्याशिवाय चौकातली खुंटीसुद्धा हलवायची नाही, अशी रीत.

मंगळवारी दुपारी सगळ्यांनी पालं गुंडाळली. गवंडी पहारी घेऊन आले. विनीच्या टोपलीत एक अंडं उरलं होतं.

"घंटा द्या," प्रिंगल घंटावाल्या आमोसला म्हणाले.

"माल आहे, साहेब."

"एक अंडं आहे ते."

"मग तेच म्हणतोय मी."

प्रिंगलांनी खिशात हात घातला. "बाई, द्या ते अंडं मला."

"तुला नाही द्यायचं."

"का?"

"तुझ्या तोंडाकडे बघून. पचायचं नाही तुला."

गवंडी खाली बघून हसले. प्रिंगलांनी गवंड्यांच्या मुकादमाला, जॉसला, पुढे केलं.

"काकी, मला दे की," जॉस पुटपुटला.

"घे ना, पोरा. तुझ्या बारशाला चर्चमधून येताना तू भोकाड पसरलंस, तेव्हा तुझ्या आईने तुला याच पायरीवर बसून पाजलं. घे. कर हात पुढे."

जॉसने हात मागे बांधले. मग म्हणाला, "साहेब, मला अंडी सोसत नाहीत."

टोपली तिथेच ठेवून विनी बदकांना दाणे घालायला घरी गेली. दुसऱ्याच्या टोपलीला हात लावणारा थॉर्नबेकात अजून जन्मायचा होता. प्रिंगलांनी लावलाही असता; पण गवंड्यांसकट सगळा चौक त्यांच्याकडे बघत उभा होता.

पुढच्या मंगळवारी विनीने आधी ताजं अंडं ठेवलं, मग शिळं काढलं. तसंच त्याच्या पुढच्या मंगळवारी. शेवटी लॉऱ्यांचा रस्ता गिरणीकडून गेला. आमोसने घंटा दिलीच नाही, त्यामुळे तो बाजार रीतीप्रमाणे अजून चालू आहे.

विनी पुढे न्यूमोनियाने गेली. खात्याच्या दप्तरी अडथळा अजूनही तात्पुरताच आहे.

आजचं अंडं जॉसच्या बायकोने ठेवलं.