हेडफोन गळ्यात

कॉल जोडला की आक्का पहिली गोष्ट करत ती ही : कानावरचा हेडफोन ओढून गळ्यात घालत. मग ओंजळभर शेंगा पुढ्यात घेऊन फोडत बसत. नजर भिंतीवरच्या घड्याळावर. तीन मिनिटं भरत आली की हेडफोन पुन्हा कानावर. "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" उत्तर मिळालं की परत गळ्यात. सबंध दिवसात शंभरदा.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वडूजच्या पलीकडं एका गावात आमचं टेलिफोन एक्स्चेंज होतं. गावाचं नाव सांगणार नाही. का, ते पुढं कळेल. एक खोली, एक लाकडी बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा. प्रत्येक भोक म्हणजे कुणाचं तरी घर किंवा दुकान. दोरीचं एक टोक इथं खुपसायचं, दुसरं तिथं, की दोन माणसं बोलू लागत. प्रत्येक कॉलचं एक कागदी तिकीट भरायचं : कुणी लावला, कुठं लावला, किती वाजता. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांच्यासाठी शेजारी काचेची केबिन होती. तिथून आम्ही दिसायचो आणि आम्हाला ते.

आक्का थोरल्या ऑपरेटर, मी त्यांच्या हाताखाली : साताऱ्याची, चोवीस वर्षांची, टायपिंग पास, वेणीत रोज अबोलीचा गजरा, आणि आपल्याइतकं हुशार त्या गावात कुणी आलेलंच नाही अशी खात्री. बोर्डावर एक खटका असे. तो पुढं ढकलला की चाललेलं बोलणं ऑपरेटरला ऐकू येई. लाइन नीट लागली का, एवढं तपासायला तो दिलेला. मीही तपासायची. तीन-तीन मिनिटं तपासायची. कुणाच्या घरी कुठलं स्थळ आलंय, कुणाचा जावई रुसलाय, सगळं मला ठाऊक. गावात मी भाजी आणायला निघाले की वाटे, या सगळ्यांच्या घरात मी रोज जाऊन बसते आणि यांना पत्ता नाही. केवढी ती ऐट. आज आठवलं की स्वतःच्याच पाठीत धपाटा घालावासा वाटतो, पण आता हात तिथवर पोचत नाही.

एकदा एक शेंगांचे व्यापारी साताऱ्याला मेव्हण्याशी बोलत होते. साखरपुडा गुरुवारी की शुक्रवारी यावरून दोघांची जुंपली. मला राहवेना. मी म्हणाले, "गुरुवारीच. परवा तुम्हीच सांगितलंत की."

दोघंही भांडण विसरले. मग व्यापारी म्हणाले, "ह्ये कोन बोललं मदीच?"

मी दोरीच उपटली.

आक्कांनी सगळं पाहिलं होतं. मला वाटलं, आता माझी तक्रार जाणार. त्यांनी फक्त मूठभर शेंगा माझ्याकडं सरकवल्या. "कुसुम, खात्यानं पगारावर तुझं हात घेतल्यात गं. कान न्हाई घेतलं."

"पण आक्का, खटका बंद ठेवला तरी पुरे की. हेडफोन कशाला उतरवायचा?"

"खटका बंद हाय ह्ये मला ठावं. केबिनीतल्या बाईला कसं कळावं? गळ्यात दिसला की ती मोकळी बोलती."

मग त्यांनी त्यांच्या लहानपणीचं सांगितलं. वडील फौजेत. घरात वाचता येणारं कुणी नाही, वस्तीतही नाही. पत्र आलं की आई ते चावडीवर घेऊन जायची. तिथला एकजण मोठ्यानं वाचायचा आणि कट्ट्यावरची सगळी माणसं ऐकायची. आई पदर तोंडाशी धरून लांब उभी.

"एकदा बानं लिवलं, तुजी लय आठवण येती. समदा कट्टा हसला. आईनं बाला ते कळवलं का काय, देव जाणं. न्हाईतर ह्यो सुट्टीवर आला तवा कुनीतरी चेष्टा केली आसंल. फुडं त्यानं आठवण लिवायचं सोडलं. खुशाल हाय, पाऊस कसा हाय, बस. पत्रं येत व्हती गं. पर आत बा नसायचा."

आक्कांच्या कुटुंबानं छप्पन साली धम्म घेतला आणि त्यानंतर त्या शाळेत बसल्या. "मी शिकले ती आईला पत्र वाचून दावायला," असं त्या म्हणत. "पर मी वाचाय लागले तवर बा पेन्शनवर आला व्हता."

हे ऐकून मी सुधारले असते तर गोष्ट इथंच संपली असती. मी काही सुधारले नाही.

गावातल्या एका वजनदार घरची सून दर सोमवारी केबिनमध्ये येऊन सांगलीला भावाला फोन लावायची. तिला सुनंदा म्हणू; तिचं नाव ते नाही. आक्का चहाला उठल्या की मी ऐकायची. सुनंदाला सांगलीत नर्सिंगच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती. सासरी कळलं तर कोंडून घालतील, म्हणून ती पुढच्या आठवड्यात गुपचूप निघणार होती. एवढी मोठी बातमी माझ्या पोटात मावेना. शेजारणीला सांगितली, "कुणाला बोलू नका" असं चारदा बजावून.

तिसऱ्या दिवशी, अर्धीमुर्धी कुणकुण लागलेले सुनंदाचे सासरे आबा एक्स्चेंजच्या दारात उभे.

"आक्का, आमच्या सूनबाई हितनं सांगलीला फोन लावत्यात म्हणं. ती तिकिटं बघू जरा."

"च्या घेणार का आबा?"

"च्या नगं. तिकिटं दावा."

"ती न्हाई दावता येत. खात्याचा लेखी हुकूम आना."

"आवं, माज्या घरातली बाई हाय. परक्याचं मागतोय व्हय?"

"बाई तुमच्या घरातली आसंल. बोलनं तिचं हाय."

आबा माझ्याकडं वळले. "तू सांग गं पोरी. काय बोलती ती? तुला तर समदं ठावं आसतंय म्हणं."

मी दोऱ्या सारख्या करायला घेतल्या. घरोघरचं बोलणारी माझी जीभ त्या दिवशी कुठं गेली होती कोण जाणे. आक्का माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ती काय सांगनार? तीबी माझ्यावानीच हेडफोन काढून बसती."

त्या क्षणापर्यंत ते खोटं होतं.

आबा म्हणाले, "एक फोन केला तर बदली हुईल तुमची."

"करा की. नंबर सांगा, म्या जोडून देते."

आणि त्यांनी खरंच साताऱ्याचा नंबर सांगितला. आक्कांनी तिकीट भरलं, आबांना केबिनमध्ये बसवलं, कॉल जोडला, हेडफोन गळ्यात घातला आणि शेंगा फोडायला घेतल्या. काचेपलीकडं आबा हातवारे करत होते. माझी बोटं खटक्याकडं निघाली. ती मी मांडीखाली दाबून धरली. आक्कांची नजर घड्याळावर. मग हेडफोन कानावर.

"तीन मिनिटं झाली, आबा. वाढवायची का?"

स्वतःच्या बदलीचा कॉलसुद्धा त्यांनी ऐकला नाही.

दुपारी सुनंदा, सोमवार नसूनही, केबिनकडं आली तेव्हा आक्का उठून दारात गेल्या. दारातूनच म्हणाल्या, "बाई, तुमचं सासरं सकाळी तुमची तिकिटं मागत व्हतं. न्हाई दिली. तुमाला ठावं आसावं म्हणून सांगितलं."  फोन न करताच सुनंदा वळली, आणि दाखल्यांची पिशवी काखेत मारून तासाभरात सांगलीच्या गाडीत बसली. बाकी सामान सासरीच राहिलं.

"आक्का, तुम्हीही सांगितलंतच की," मी म्हणाले. मला तेवढाच आधार हवा होता.

"दुसऱ्याचं न्हाई सांगितलं. तिचंच तिला सांगितलं."

महिन्याभरात बदलीचा कागद आला : शिराळा. मी रडायला लागले. म्हटलं, कुठं त्या नागांच्या गावात धाडलं तुम्हाला. आक्का म्हणाल्या, "नाग परवडला गं. त्याला कान नसत्यात." माझं तोंड का उतरलंय, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढं बोर्ड जाऊन ऑटोमॅटिक यंत्रं यायची ठरली, तेव्हा आम्हा सगळ्यांना साताऱ्याला बोलावलं. एक तरुण इंजिनिअर कौतुकानं सांगत होता, आता मध्ये माणूसच नाही, त्यामुळं चोरून ऐकणं संपलं. कोणी, कुणाला, किती वेळ फोन केला, ते सगळं यंत्र आपोआप साठवून ठेवील. मागच्या बाकावरून, शिराळ्याहून आलेल्या आक्का उठल्या.

"सायेब, यंत्राला कान न्हाईत ह्ये बरं झालं. पर पोट हाय की. पोटातलं कुनी मागाय आलं, तर न्हाई कोन म्हननार?"

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले, कारण मला ते कळलं नव्हतं. आता माझी नात मला मोबाइल शिकवते. तो विचारतो, तुमचे सगळे नंबर बघू का, तुमचं बोलणं ऐकू का, तुम्ही कुठं गेलात ते लिहून ठेवू का. ती न वाचता हो हो म्हणत बोट दाबते. वर्तमानपत्रात मोठमोठी माणसं यावर भांडतात. मी वाचते आणि मला मागच्या बाकावरची ती बाई दिसते.

आक्का जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना शेवटचं भेटले ती दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी, सांगलीला लेकीकडं. निवृत्त झालेल्या, केस पांढरे, उजवा कान पार गेलेला, डाव्यात ऐकायचं यंत्र. इतकी वर्षं कानाला घासलेल्या त्या हेडफोननंच कान घेतले, असं त्यांची लेक म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी खुर्ची जवळ ओढली. "आक्का, एक सांगायचं राहिलंय. सुनंदाचं. आबांना ते जे कळलं ना, ते—"

आक्कांनी हात वर केला. कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं आणि खिडकीकडं बघत शेंगा फोडायला घेतल्या.

"बोल आता," म्हणाल्या.

मी बोलले. खटका, शेजारीण, ते चारदा बजावणं, शिराळ्याचा कागद, सगळं. बोलता बोलता रडले. त्यांचे हात शेंगा फोडत होते, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मी थांबले तसं त्यांनी यंत्र उचलून कानात बसवलं आणि सोललेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले.

"तीन मिनिटं झाली," त्या म्हणाल्या. "वाढवायची का?"